नाव, हुद्दा, नंबर

"यांना डिलिरियम झालाय," डॉक्टर काचेच्या दाराबाहेर उभे राहून म्हणाले. "घाबरू नका, पण हलक्यातही घेऊ नका."

मी शब्द पहिल्यांदाच ऐकत होतो. मी विचारलं, म्हणजे वेड का? ते म्हणाले, नाही. म्हाताऱ्या माणसाचं मोठं ऑपरेशन झालं, अंगात कुठे इन्फेक्शन झालं किंवा रक्तातलं सोडियम, म्हणजे मीठ, कमी झालं की मेंदू काही दिवस गोंधळतो. माणसाला आपण कुठे आहोत ते कळत नाही. नसलेली माणसं दिसतात, जुनी गोष्ट आत्ता घडतेय असं वाटतं. बहुतेकांचं उतरतं, काहींचं पूर्ण उतरत नाही.

"किती दिवस लागतील?"

"सांगता येत नाही."

मी धंद्याचा माणूस आहे. रिसोडला माझं जुन्या ट्रॅक्टरचं यार्ड आहे. 'सांगता येत नाही' म्हणणाऱ्या माणसावर माझा विश्वास बसत नाही. त्या दिवशी मी डॉक्टरांशी आवाज चढवून बोललो. आता लिहिताना सांगतो, त्यांचंच बरोबर होतं. कुणाच्या घरी असं आजारपण आलं, तर डॉक्टर नेमका दिवस सांगत नाहीत म्हणून भांडू नका. तेवढी ताकद पुढे लागते.

माझे बाबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. आई गेल्यापासून आमच्या गावी, किन्हीराजाला, एकटेच राहत होते. सकाळी ओसरीच्या पायरीवरून पाय घसरला आणि ते पडले. वाशीमला एक्स-रे काढला. नेक ऑफ फीमर फ्रॅक्चर, म्हणजे मांडीचं हाड खुब्याला जिथे जोडलेलं असतं तिथली त्याची मान मोडली होती. तिथून अकोल्याला. दुसऱ्या दिवशी हेमीआर्थ्रोप्लास्टी झाली, म्हणजे अर्धा सांधा नवा बसवला. ऑपरेशन उत्तम झालं. संध्याकाळी ते माझ्याकडे पाहून म्हणाले, "गावातला पंप बंद करून ये." मी म्हटलं, झालं, सुटलो.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन गेलो तर बाबांनी हातातली सुई उपसून काढली होती. चादरीवर रक्त होतं. ते भिंतीला पाठ लावून बसायचा प्रयत्न करत होते. मी "बाबा" म्हटलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी दारातच थांबलो. ओळख नव्हती असं नाही, त्यांनी मला ओळखलं होतं, पण दुसराच कोणी म्हणून.

सीटी स्कॅन केला. मेंदूत रक्तस्राव नव्हता, लकवाही नव्हता. सोडियम खाली गेलं होतं. त्यांना एचडीयूत हलवलं. हा विभाग आयसीयूपेक्षा एक पायरी खालचा असतो, दिवसा घरच्या एक-दोन माणसांना जवळ बसू देतात. मोठे डॉक्टर राउंडला आले. डिलिरियमच्या पेशंटला रोज तेच तीन प्रश्न विचारतात, त्यावरून मेंदू किती जाग्यावर आहे ते कळतं.

"बाबाजी, आपका नाम क्या है?"

"सुखदेव इंगोले."

"आप अभी कहाँ हो?"

"कॉर्पोरल," बाबा म्हणाले.

"आज कौन सा दिन है?"

बाबांनी एक आकडा सांगितला. एकेक अंक, थांबून थांबून. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. "मोबाइल नंबर आहे का हा?"

तो मोबाइल नंबर नव्हता, बाबांचा सर्व्हिस नंबर होता. आमच्या घरी पेन्शनच्या पुस्तकावर मी तो लहानपणापासून पाहिलेला आहे.

बाबा हवाई दलात कॉर्पोरल होते. आमच्या वस्तीतून तिथवर गेलेला पहिला माणूस. हेलिकॉप्टरमध्ये पायलटच्या मागे बसून इंजिनाकडे लक्ष ठेवणं हे त्यांचं काम. एकाहत्तरच्या लढाईत पश्चिमेच्या सीमेपलीकडे त्यांचं हेलिकॉप्टर पडलं. पायलट वाचला नाही. बाबा वाचले आणि पकडले गेले. वर्षभर तिकडे कैदेत होते. मग सुटले, परत आले, लग्न झालं, ताई झाली, मी झालो. नोकरी पुरी करून गावी आले आणि लोकांचे ऑइल इंजिन, पाण्याचे पंप दुरुस्त करत राहिले.

एवढंच मला माहीत आहे. कारण त्यांनी एवढंही सांगितलेलं नाही, हे आईकडून कळलं. शाळेत पंधरा ऑगस्टला त्यांना बोलवायचे. चार शब्द बोला म्हणायचे. एकदा ते उठले, म्हणाले, "दोरी नीट बांधत जा, मागच्या वर्षी झेंडा अर्ध्यावर अडकला होता," आणि बसले.

रिसोडला मी नववीत होतो, वसतिगृहात. एका पोराने सगळ्यांसमोर म्हटलं, "याच्या बापानं तिकडं सगळं सांगून टाकलं, म्हणून सोडलं त्याले. नाई त कोन सोडते?" मी त्याचे दोन दात पाडले. मला शाळेतून काढलं. मी घरी आलो आणि बाबांना विचारलं, "तुमी सांगतलं का त्याइले?"

बाबा पंपाचा वॉशर कापत होते. त्यांनी पाना उचलला आणि शेतात निघून गेले. त्यानंतर दोन महिने ते माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. आई म्हणाली, "तुह्या बापाले ते इचारत नको जाऊ." मी म्हटलं, "नाई म्हनाले काय जाते त्याइचं?"

मी शाळेत परत गेलो नाही. मंगरूळपीरच्या बैलबाजारात दलालाच्या हाताखाली उभा राहिलो, मग स्वतः दलाल झालो, मग ट्रॅक्टर. जे केलं ते तोंडाच्या जोरावर केलं. बाबा एकदा माझ्या यार्डात आले होते. एका गिऱ्हाइकाशी माझी घासाघीस चालली होती, माझा आवाज रस्त्यापलीकडे जात होता. बाबा थोडा वेळ ऐकत बसले आणि चहा यायच्या आत उठून गेले. मी ते मनात ठेवलं. त्यांना माझी लाज वाटते, असं मी धरून चाललो. आणि माझ्या मनात कायम एकच होतं, एक 'नाही' म्हटले असते तर मी आज कुणीतरी वेगळा असतो.

हे सगळं एवढ्यासाठी सांगतो की पुढचं समजावं.

डॉक्टरांच्या राउंडनंतर मला हळूहळू उमगलं. बाबांच्या डोक्यात ते अकोल्यात नव्हते, तिकडे कैदेत होते. पकडलेल्या सैनिकाने शत्रूला नाव, हुद्दा आणि नंबर एवढंच सांगायचं असतं, तेवढंच ते सांगत होते. बंद खोली, रात्रंदिवस चालू दिवा, दाराशी खाकी कपड्यातला सिक्युरिटीवाला, सारखं कोणीतरी येऊन हिंदीत नाव विचारतो, कुठे आहेस विचारतो, लिहून घेतो आणि जातो. शहाण्या माणसालाही तुरुंग वाटावा असंच ते होतं.

आणि आम्हीही त्यांच्याशी हिंदीतच बोलत होतो. आमच्याकडची ही एक खोड आहे. मोठ्या दवाखान्यात गेलं, समोर पांढरा कोट दिसला की आम्ही आपली बोली खिशात घालतो आणि हिंदी काढतो. बाबा फौजी, त्यांना हिंदी जवळची, असंही आम्ही धरलं. ताईसुद्धा, जी मंगरूळपीरला शाळेत मराठी शिकवते, ती म्हणत होती, "बाबा, थोड़ा खा लीजिए ना." बाबा तोंड घट्ट मिटायचे.

आता जे लिहितो ते ताईलाही मी सांगितलेलं नाही. ती हे वाचेल.

त्या दुपारी मी एकटा त्यांच्याजवळ होतो. मला एकदम लक्षात आलं की आत्ता जर कोणी विचारलं तर उत्तर मिळेल. बाबा तिथेच आहेत. जे मला कधी कळलं नाही ते आत्ता, या पलंगावर चालू आहे. मी खुर्ची पुढे ओढली आणि हिंदीत विचारलं, "तुम कहाँ से उड़े थे?"

"सुखदेव इंगोले."

"साथ में कौन था?"

"कॉर्पोरल."

"क्या काम था तुम्हारा?"

नंबर.

मी थांबायला हवं होतं. पण बाजारात मी असाच आहे, समोरचा दबत नाही तोवर सोडत नाही. प्रश्न फिरवून विचारले. गोड बोललो, मग आवाज वाढवला. म्हटलं, "तुम्हारे साथीने सब बता दिया है." हे कुठून सुचलं मला माहीत नाही. बाबांच्या कपाळावर घाम आला. ओठ कोरडे पडलेले, त्या ओठांनी ते तीनच गोष्टी सांगत राहिले. नाव, हुद्दा, नंबर. पंचवीस मिनिटं. मॉनिटरवर रक्तदाबाचा आकडा चढत गेला आणि मशीन ओरडायला लागलं. मग त्यांनी दुसऱ्या हाताची सुईही उपसली आणि पलंगावरून खाली पाय टाकायला लागले. नव्या सांध्यावर.

सिस्टर धावत आल्या. चौघांनी धरलं. मग त्यांचे हात कापसाच्या पट्ट्यांनी पलंगाला बांधले. याला रेस्ट्रेंट म्हणतात, पेशंटने स्वतःला इजा करू नये म्हणून करतात, सही घेऊन करतात. सही मी केली.

मला उत्तर मिळालं होतं. इतकी वर्षं जे ऐकायचं होतं ते मी माझ्या कानांनी ऐकलं. भ्रमात, तहानलेला, पाय मोडलेला असताना ज्या माणसाने काही सांगितलं नाही, त्याने पंचविसाव्या वर्षी काय सांगितलं असेल? पण ते ऐकायची मी काय किंमत लावली ते समोर बांधलेलं दिसत होतं. मी बाहेर जाऊन जिन्यात बसलो.

तेव्हापासून बाबांनी खाणंपिणं पूर्ण बंद केलं. चमचा जवळ नेला की मान फिरवायचे. आता हात बांधलेले, म्हणजे आपण कैदेत आहोत हे त्यांच्या लेखी पक्कंच झालं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "रायल्स ट्यूब घालावी लागेल." ही नाकातून पोटापर्यंत जाणारी बारीक नळी. त्यातून पातळ अन्न देतात. हजारो पेशंटना घालतात, त्यात भीती नाही. पण ती काढू नये म्हणून हात बांधलेलेच ठेवावे लागणार होते. बांधलेले हात आणि नाकात नळी! मी डोळ्यांसमोर आणून पाहिलं आणि म्हटलं, "नाही."

"मग पोटात काय जाणार?"

"मला वेळ द्या."

"उद्या सकाळपर्यंत."

"परवा संध्याकाळ."

"तुम्ही बाजारात आहात का?"

"उद्या संध्याकाळ, डॉक्टर साहेब. सहा वाजता. तोवर तोंडाने दोन ग्लास पाणी आणि एक वाटी काहीतरी गेलं नाही, तर मी स्वतः धरतो त्यांना, तुम्ही नळी घाला."

डॉक्टरांनी केस पेपर मिटला. "एक ग्लास आणि अर्धी वाटी," ते म्हणाले. "जमेल तेवढंच बोला." उभ्या आयुष्यात पहिल्यांदा समोरच्याने माझ्या बाजूने भाव उतरवला.

पण एक ग्लासही जात नव्हता. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सगळे उपाय करून झाले. आईचा फोटो दाखवला. नातवाचा आवाज ऐकवला, तोही बिचारा शहाण्या हिंदीत बोलला. ताई सकाळी मंगरूळपीरहून निघताना ज्वारीच्या कण्या शिजवून घेऊन आली होती, ताकात कालवलेल्या. वास आला तेव्हा बाबांच्या नाकपुड्या हलल्या, पण तोंड उघडलं नाही. वॉर्डातल्या मावशी मालेगावकडच्या होत्या. त्या मला म्हणाल्या, "भाऊ, तुमीच दोन घास खा. तुमी पडसान त मंग दोघाइले उचला लागन."

चार वाजता माझा फोन थरथरला. मेहकरकडचा एक गिऱ्हाईक आठ दिवसांपासून एका ट्रॅक्टरसाठी मागे लागला होता. मी उचलला नसता तर बरं, पण उचलला. तो म्हणाला, टायर गुळगुळीत आहेत, भाव कमी करा. माझ्या आत दोन दिवसांचं जे साठलं होतं ते सगळं त्या माणसावर गेलं.

"टायर गुळगुळीत? डोये गुळगुळीत हायेत तुह्ये! तुह्या आज्यानं तरी पाह्यलं होतं काय असं टायर? आठ दिवस झाले, रोज येतं, रोज बोनेटवर हात फिरवतं, जसं काय पोरगी पाहाले आला! घ्याचं हाय त घे, नाई त जुप बैल!"

सिस्टर बोटाने गप्प करत माझ्याकडे निघाल्या. आणि मागून आवाज आला.

"टायर काय पाह्यते थो. त्याले म्हना इंजन पाह्य."

मी वळलो. बाबांनी मान माझ्याकडे केली होती.

सिस्टर होत्या तिथेच थांबल्या. मी फोन कानाला तसाच धरून ठेवला. काही विचारायची हिंमत नव्हती. प्रश्न विचारला की संपलं, हे मला आता कळत होतं. मी फोनमध्येच म्हटलं, "ऐकलं का? बाबा म्हनून राह्यले इंजन पाह्य!"

"चालू करून दाखो त्याले," बाबा म्हणाले. "धूर कोन्या रंगाचा हाय ते पाहा म्हना. काळा असन त घिऊ नको म्हना."

"ओ बाबा, माह्यंच टॅक्टर हाय ते, मले इकाचं हाय!"

"मंग पह्यले नोझल साफ कर," बाबा म्हणाले. "आन एवढा बोंबलू नको, दिलप्या. पानी दे."

दिलप्या. मी दिलीप आहे, हे त्यांना माहीत होतं.

मावशींनी ग्लास माझ्या हातात दिला. मी एका हाताने फोन धरला, दुसऱ्याने ग्लास बाबांच्या ओठाला लावला आणि तोंड चालूच ठेवलं. मला भीती होती की मी थांबलो तर ते पुन्हा जातील. मी त्या गिऱ्हाइकाच्या गावाला नावं ठेवली, त्याच्या जुन्या ट्रॅक्टरला ठेवली, त्याच्या मेहुण्यालाही ठेवली, ज्याला मी कधी पाहिलेलं नाही. एकेका शिवीला एकेक घोट. मध्येच माझ्या लक्षात आलं की समोरून काही आवाजच येत नाही. त्याने फोन केव्हाच ठेवला होता. मी एकटाच भांडत होतो.

ताई खालून औषधं घेऊन आली. तिने दारातून पाहिलं आणि एका क्षणात समजली. मास्तरीणच ती. कण्यांचा डबा उघडला, पलंगाच्या पलीकडे बसली आणि गिऱ्हाईक झाली.

"नको बाई मले तुमचं टॅक्टर. वावरात कमी अन् गॅरेजमंदी जास्त राह्यते म्हनतेत."

"कोन म्हनते?" मी ओरडलो.

"तुमची बायकोच म्हनते."

बाबा हसले. हसताना तोंड उघडलं आणि ताईने चमचा आत घातला. त्यांनी गिळलं, आणि म्हणाले, "मीठ कमी हाय."

सहा वाजता डॉक्टर आले. मी रिकामा ग्लास आणि अर्ध्यावर आलेला डबा त्यांच्यापुढे धरला. त्यांनी डबा पाहिला नाही, बाबांकडे पाहिलं. मग वाकून स्वतः एका हाताची पट्टी सोडली.

मी त्यांना सगळं सांगितलं, मी केलेली चौकशीसुद्धा. मला वाटलं ते चिडतील. ते म्हणाले, "उद्यापासून तुमच्या बोलीत विचारू." दुसऱ्या दिवशी राउंडला त्यांनी मावशींना पुढे केलं.

"काहो बाबा, कुठी हाय जी आपन?"

"अकोल्याले," बाबा म्हणाले. "दवाखान्यात. तुमी मालेगावकडच्या काय?"

डिलिरियम एकदम उतरत नाही. पुढचे चार दिवस संध्याकाळ झाली की ते पुन्हा भिंतीकडे सरकायचे. अंधार पडताना भ्रम वाढतो, त्याला सनडाउनिंग म्हणतात. डॉक्टरांनी सांगितलेलं आम्ही केलं, तुम्हालाही सांगतो. चष्मा आणि कानाचं मशीन लावून ठेवावं. खिडकी दिसेल असं झोपवावं. घरचंच माणूस जवळ असावं, रोज नवं नको. चुकीचं बोलले तर वाद घालू नये. आणि त्यांच्याशी त्यांच्या घरातल्या बोलीत बोलावं. हे शेवटचं कुठे छापलेलं मी पाहिलेलं नाही, पण मला ते औषधाइतकं वाटतं. प्रश्न विचारू नका. स्वतःच बोला, म्हणजे त्यांना आपल्या आवाजामागे येता येतं.

अकराव्या दिवशी सुट्टी मिळाली. बाबांना मी रिसोडला माझ्या घरी आणलं. आता ते वॉकर धरून अंगणापर्यंत येतात. विस्मरण मात्र राहिलं. सकाळी जेवलेलं दुपारी आठवत नाही. डॉक्टर म्हणाले, आधीपासूनच थोडं असावं, या आजारात वर आलं. हे आता वाढेल, कमी होणार नाही. या वेळी मी घासाघीस केली नाही.

घरी येऊन तीन आठवडे झाले असतील. सकाळचं ऊन होतं, बाबा अंगणात बसले होते. मी त्यांची नखं काढत होतो. ते म्हणाले, "दवाखान्यात एक जन होता."

"कोन?"

"लय इचारे. बजारातल्या दलालावानी. इकडून इचारे, तिकडून इचारे. गोड बोले, मंग वरडे."

माझ्या हातातलं नेलकटर थांबलं. खोटं बोलता आलं असतं, ते दुपारपर्यंत विसरलेही असते. "थो मीच होतो, बाबा," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मला पुन्हा दवाखान्यातली तीच नजर येईल असं वाटलं. आली नाही.

"मंग? काही सांगतलं मी?"

"नाई. नाव, हुद्दा आन नंबर. बस."

त्यांनी मान हलवली. दुसरा हात स्वतःच माझ्यापुढे केला. मी नखं काढत राहिलो. मग ते म्हणाले, "तिकडं वर्सभर आपल्यासारखं बोलनारं कोनी नोतं. पंजाबी होते, मद्रासी होते. पोरं चांगली होती. पन आपलं कोनी नोतं. मी भिंतीकडं तोंड करून एकटाच बोलो. किन्हीराजाच्या बजारात मिरच्या घेतो हाय असा बोलो. कमी कर म्हनो. मंग थो इकनारा म्हने, नाई जमत. दोघाइकून मीच बोलो."

"मिरच्या घेतल्या का मंग?" मी विचारलं.

"कायच्या? सौदा तुटला का दिवस कसा काढाव मानसानं? सुटका होयेवरी चालूच ठेवला." ते थकले होते. "बाकीचं मंग सांगतो."

ते 'मंग' अजून आलेलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांना आदल्या दिवशीचं काही आठवत नव्हतं. त्यानंतर मीही तो विषय काढलेला नाही. डॉक्टरांचे, सिस्टरांचे, मालेगावच्या त्या मावशींचे उपकार मानून हे लिहिणं इथे थांबवता आलं असतं, आणि ते उपकार आहेतच. पण खरं सांगायचं तर मी समाधानी माणूस झालेलो नाही. मला अजून सगळं ऐकायचं आहे. हेलिकॉप्टर पडलं ते, पायलटचं नाव, सुटून वाघा बॉर्डरवर पाय ठेवला तो दिवस. फरक एवढाच की आता ते मी त्यांच्याकडून काढून घेणार नाही. रोज सकाळी यार्ड उघडायच्या आधी अर्धा तास मी त्यांच्याजवळ बसतो आणि तोंडाला येईल ते बोलतो, पाऊस, डिझेल, शेजाऱ्याची म्हैस. मध्येमध्ये थांबतो. ते बोलले तर ऐकतो, नाही बोलले तर पुन्हा सुरू करतो.